36 गाड्या, 36 कुंडल्या

ऑगस्ट 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या लिलावात 1962 सालची एक फेरारी 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने हे सुमारे 340 कोटी रुपये होतात. बातम्यांमधून हा आकडाच तेवढा झळकला. मला मात्र गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक अधिक बोलका वाटतो : 3413. फेरारी 250 जीटीओ या जातीच्या प्रत्येक गाडीला तिच्या क्रमांकाने ओळखतात, आणि कुठल्या घाटात, कुठल्या वर्षी, कोणाच्या हाती ती कशी धावली याची कुंडली त्या क्रमांकावर मांडलेली असते.

3413 ही 1962 च्या टार्गा फ्लोरिओच्या सरावासाठी जगज्जेत्या फिल हिलच्या हाती होती. सिसिलीच्या डोंगरी रस्त्यांवरची ही जुनी शर्यत. पुढे एदोआर्दो लुआल्दी-गाबार्दी या हौशी चालकाने तिच्या जोरावर त्या वर्षीचं इटलीचं राष्ट्रीय जीटी, म्हणजे ग्रँड टूरिंग गाड्यांचं, अजिंक्यपद मिळवलं. 1963 साली जवाहिऱ्यांच्या घराण्यातल्या जान्नी बुल्गारीने टार्गा फ्लोरिओत आपला गट जिंकला. पुढच्या वर्षी तोच गट तिच्यातूनच जिंकणारा कोर्रादो फेर्लाइनो पुढे नापोली फुटबॉल क्लबचा अध्यक्ष झाला आणि 1984 मध्ये त्यानेच मॅराडोनाला नेपल्सला आणलं. तीन वर्षांत तीन मालक, आणि तिघांनीही ती स्वतः शर्यतीत पळवली. यातल्या एकाचंही पोट शर्यतीवर नव्हतं. जीटीओचं मोल मला इथे दिसतं.

या गाडीचा जन्म भांडणात झाला. फेरारीच्या आधीच्या 250 जीटीचं नाक बोथट होतं, त्यामुळे वेग वाढला की हवा आडवी यायची. 1961 साली जॅग्वारची ई-टाइप बाजारात आल्यावर थांबून चालणार नव्हतं. जोत्तो बिझारिनी या अभियंत्याने गुपचूप एक नमुना तयार केला, पिसा विद्यापीठाच्या पवनबोगद्यात आकार तपासला, इंजिन खाली आणि मागे सरकवलं. तो नमुना इतका ओबडधोबड होता की त्याला ‘राक्षस’ असं नाव पडलं. नामवंत शर्यतपटू स्टर्लिंग मॉसने मोंझाच्या धावपट्टीवर तो चालवून पाहिला आणि वेगाबद्दल शंका उरली नाही. पण वर्ष संपता संपता बिझारिनी, मुख्य अभियंता कार्लो कीती आणि आणखी काही वरिष्ठ माणसं एकाच वेळी कारखान्याबाहेर पडली. संस्थापक एन्झो फेरारी यांच्या पत्नी लॉरा यांचा कामातला हस्तक्षेप हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. अर्धवट राहिलेलं काम एन्झोंनी 26 वर्षांच्या माउरो फोर्गिएरीकडे सोपवलं.

फोर्गिएरीने मागच्या अखंड एक्सलला जास्तीचे दांडे जोडून गाडीचं मागून डोलणं आवरलं. पत्राकाम मोदेनाच्या सेर्जो स्काल्येत्तीच्या कार्यशाळेत झालं. तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून, नजरेने वळण जुळवत बसवला जाई, म्हणून कुठल्याही दोन जीटीओ तंतोतंत सारख्या नाहीत. नाकावर अर्धगोल झाकणांची तीन भोकं आहेत. इंजिन तापलं की झाकणं काढायची. शेपटीचा उभा काठ गाडीचं बूड जमिनीला धरून राहावं म्हणून. आज लोक ज्या रूपाला भुलतात त्यातली जवळजवळ प्रत्येक रेघ अशी गरजेतून आली आहे.

बॉनेटखाली 2953 घनसेंमीचं व्ही-12 इंजिन, सहा वेबर कार्ब्युरेटर, सुमारे 300 अश्वशक्ती. वजन 900 किलोच्या आसपास. चालकासमोर वेगाचा काटाच नाही, इंजिनाचे फेरे दाखवणारा मोठा काटा तेवढा आहे.

नियमाप्रमाणे जीटी गटात उतरायला एका जातीच्या 100 गाड्या बनायला हव्या होत्या. जीटीओ बनल्या 36. चार लिटरच्या तीन धरल्या तर 39. तपासनिसांना त्याच गाड्या जागा बदलून पुन्हा दाखवल्याची गोष्ट रंगवून सांगतात, पण खरं कारण साधं आहे : ही नवी गाडी नसून 250 जीटीचीच सुधारित आवृत्ती आहे, असं फेरारीने मांडलं आणि आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने ते मान्य केलं. नावातला ‘ओ’ म्हणजे ओमोलोगातो, मान्यताप्राप्त.

1962 च्या मार्चमध्ये सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत फिल हिल आणि ओलिव्हिए जांदेबियाँ जीटीओतून एकूण क्रमवारीत दुसरे आले. जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जाँ गिशे आणि पिएर नोब्ले ही फ्रेंच हौशी जोडी दुसरी आली, आणि टोपणनावांनी धावणारे ‘एल्द’ व ‘बर्लिस’ हे दोघे तिसरे. पहिल्या क्रमांकाची गाडी खास शर्यतीपुरती घडवलेली होती. मागच्या दोन गाड्या रस्त्यावर चालवता येतील अशा होत्या. टूर द फ्रान्स ऑटोमोबिल या शर्यतीत दिवसचे दिवस रस्ता, घाट आणि बंदिस्त धावपट्ट्या पार कराव्या लागत. 1963 आणि 1964 असं दोनदा जीटीओने ती जिंकली.

या वैभवात एक मृत्यूही आहे. 1948 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवणारा फ्रेंच स्कीपटू आंरी ओरेये 1962 च्या ऑक्टोबरमध्ये मोंतलेरीच्या धावपट्टीवर क्रमांक 3851 चालवताना मरण पावला. गाडी दुरुस्त झाली, पुढे 1965 पासून 2010 पर्यंत एकाच इटालियन संग्राहकाकडे राहिली आणि 2014 साली 3 कोटी 81 लाख डॉलरला विकली गेली. ओरेयेचं नाव तिच्या कुंडलीत पहिल्या पानावर आहे आणि तिथेच असायला हवं.

मोठ्या गाड्यांच्या गटातलं जीटी उत्पादकांचं अजिंक्यपद 1962, 1963 आणि 1964 असं सलग तीनदा फेरारीकडे राहिलं. तिसरं मात्र रस्त्यावर पूर्ण कमावलेलं नव्हतं असं माझं मत आहे. अमेरिकन गाडीनिर्माता कॅरोल शेल्बीची कोब्रा डेटोना कूपे 1964 च्या ल मांत जीटीओंच्या पुढे, एकूण चौथी आली होती. फेरारीच्या नव्या 250 एलएमला जीटी म्हणून मान्यता मिळाली नाही, त्या वादात मोंझाची शर्यतच रद्द झाली आणि शेल्बीची संधी गेली. 1965 साली त्याने ते पद घेतलं. नियमाच्या अर्थावर जन्मलेल्या गाडीचं राज्यही नियमाच्या वादानेच एक वर्ष लांबलं.

त्यानंतर या गाड्या नुसत्या जुन्या झाल्या. एक जीटीओ मालकाने टेक्सासमधल्या एका शाळेला मोटार दुरुस्ती शिकवण्यासाठी देऊन टाकली. शाळेने ती 1972 साली 6500 डॉलरला विकली आणि नंतर कित्येक वर्षं ती ओहायोतल्या एका शेतात ट्रेलरवर ऊनपावसात पडून होती.

2019 मध्ये मात्र बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओचा आकार कलाकृती ठरवून नकला करायला मनाई केली. मला हा निर्णय पटतो, पण अर्धाच. आकाराची नक्कल पत्र्यातून कोणीही कुशल कारागीर करील. 3413 चा पत्राच 1964 साली बदलून नव्या घाटणीचा बसवला होता, तरी तिची किंमत कमी झाली नाही, कारण तो बदलही शर्यतीसाठीच होता. नक्कल करता येत नाही ती कुंडलीची.

म्हणूनच पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा ड्रमर निक मेसन मला आवडतो. 1962 ला ल मांत तिसरी आलेली 3757 त्याने 1977 साली 40 हजार पौंडांच्या आत घेतली, आणि तिची किंमत कोटींत गेल्यावरही गुडवुडच्या धावपट्टीवर तो ती इतर जुन्या गाड्यांच्या घोळक्यात, ठोकर लागायचा धोका पत्करून, पळवत राहिला.