छंद करवतीचा, इजा बोटांना

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील होप हे गाव चेनसॉने कोरलेल्या लाकडी शिल्पांसाठी प्रसिद्ध आहे. काही तासांत ओंडक्यातून अस्वल किंवा गरुड साकारतो, त्यामुळे हौशी मंडळींनाही या कलेची ओढ असते.

धोका म्हटले की धारदार साखळीच आठवते. पण हळूहळू होणारी इजा कंपनांची असते. यंत्राची थरथर वर्षानुवर्षे हातांनी सोसली की बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दुखावतात. मग थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. बोटे पांढरीफटक, बधिर होतात. दुर्लक्ष केल्यास शर्टाचे बटण लावणेही कठीण होते आणि गेलेली संवेदना पूर्ण परत येईलच असे नाही.

पेट्रोलवरील चेनसॉचा आवाज सुमारे ११० डेसिबल असतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ संस्थेच्या निकषानुसार एवढ्या आवाजाची सुरक्षित मर्यादा दिवसाला जेमतेम दीड मिनिट आहे. म्हणून कानांवर संरक्षक हवेच.

साखळीला धार ठेवा, कारण बोथट साखळी जास्त थरथरते. मधूनमधून थांबा, हात उबदार ठेवा, धूम्रपान टाळा. काम संपल्यावरही बोटांना मुंग्या येत राहिल्या, तर यंत्र बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.