विसरणाऱ्या आजीला ठेवायचं कुठे?

मोहफुलांच्या दिवसांत आपल्याकडे बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात. म्हातारपणी डोक्यातून सगळं गेलं तरी पाय ती वाट विसरत नाहीत. आजी रात्री दोनला उठते, टोपली शोधते, कडी काढते. बाहेर जंगल, जंगलात वाघ. सून रात्र रात्र जागी. मग कुणी म्हणतं, "वृद्धाश्रमात ठेवून द्या." असा विचार मनात आला म्हणून सून वाईट ठरत नाही. पण आधी थोडं ऐका.

वृद्धाश्रम बहुतेक करून हिंडत्या-फिरत्या, आपलं आपण करणाऱ्या माणसांसाठी असतो. सरकारी अनुदानावरच्या आश्रमात पुरुषांना 60 आणि बायांना 55 वर्षांनंतर घेतात. विसरण्याचा आजार, म्हणजे स्मृतिभ्रंश, असलेल्यांना रात्रंदिवस सोबत लागते. तशी खास केंद्रं मुख्यतः पुण्या-मुंबईकडे आहेत आणि त्यांचा महिन्याचा खर्च धानाच्या शेतीतून निघणं कठीण. आपल्या जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी 1949 साली आनंदवन सुरू केलं. कुष्ठरोगातून बरे झालेले, पण घरच्यांनी परत न नेलेले कितीतरी लोक तिथेच म्हातारे झाले. प्रत्येक संस्था कुणासाठी आहे, हे असं ठरलेलं असतं. म्हणून न विचारता आजीला गाडीत बसवून नेऊ नका. आजार लपवूनही ठेवू नका. चार दिवसांत "घेऊन जा" असा फोन येईल आणि आजी दोनदा बेघर होईल. रात्री दाराशी कोण असतं, कपड्यात लघवी झाली तर कोण बदलतं, आजारी पडल्यास कुठे नेतात, हे तोंडावर विचारा.

त्याच्याही आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवा. बी-12 कमी असणं, थायरॉइड, मनाची उदासी यांनीही माणूस विसरभोळं होतं, आणि त्यावर औषध आहे. दोन दिवसांत अचानक बरळायला लागली तर तो म्हातारपणाचा वेडेपणा समजू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी न्या.

खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकींना घरीच सांभाळावं लागणार. कडी आजीच्या नजरेत येणार नाही अशी खाली किंवा वर लावा, पण आजीला एकटीला कोंडून रोवण्याला जाऊ नका. पाळी लावा. यात लेकानंही बसायला हवं. आई त्याची आहे. शेजाऱ्यांना सांगून ठेवा. आजीच्या लुगड्याच्या आत फोन नंबर शिवा.

आणि आजीनं शेत अजून कुणाच्या नावे केलं नसेल तर घाई करू नका. करायचंच असेल तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" असं कागदात लिहून घ्या. 2007 च्या कायद्यानं, अट मोडली तर तो कागद रद्द करून मागता येतो. मुलं पोसत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्ज करता येतो. अर्ज कुठे द्यायचा ते तहसील कार्यालयात विचारा. ज्येष्ठांसाठी 14567 हा फुकटचा फोन सकाळी 8 ते रात्री 8 चालू असतो. सुनेनं केला तरी चालतो.