हाताची नस दुखावली? मोबाईल आणि कॉम्प्युटर एका हाताने असा वापरा

अपघातात माझ्या उजव्या दंडाचं हाड मोडलं आणि सोबत रेडिअल नर्व्हही दुखावली. ही नस दंडाच्या हाडाला वळसा घालून खाली येते, त्यामुळे तिथल्या फ्रॅक्चरमध्ये तिला इजा होऊ शकते. मग मनगट लोंबकळतं, वर उचलता येत नाही. याला ‘रिस्ट ड्रॉप’ म्हणतात. बोटं मिटतात, पण नीट उघडत नाहीत. माझं काम दिवसभर टायपिंगचं. रजा संपली तरी हात आला नव्हता, म्हणून हे उपाय शोधले.

इतका वेळ का लागतो?

नस फक्त दाबली गेली असेल, तर काही आठवड्यांतही सुधारणा दिसते. पण आतले तंतू तुटले असतील तर ते पुन्हा वाढावे लागतात, आणि वाढीचा वेग साधारण दिवसाला १ मिमी असतो. म्हणजे इजेपासून स्नायूपर्यंत १२ सेंमी अंतर असेल तर चार महिने धरा. इजा किती आहे ते एनसीव्ही आणि ईएमजी या तपासण्यांतून कळतं. साधारणपणे आधी मनगट उचलू लागतं, मग बोटं, आणि अंगठा सगळ्यात शेवटी. तोवर स्प्लिंट मनगट वर धरून ठेवतो, त्यामुळे पकड बरी येते. सांधे आखडू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने बोटं उघडण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

मोबाईलवर

१. जीबोर्डमध्ये स्वल्पविरामाचं बटण दाबून धरा आणि वन-हँडेड मोड निवडा. कीबोर्ड लहान होऊन एका बाजूला सरकतो. बाण दाबून तो डावीकडे घ्या.

२. मराठी कीबोर्डवर माइक दाबून सरळ बोला. गूगलने मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ मध्येच आणलं आहे. वाक्यं छोटी ठेवा, नावं मात्र तपासून घ्या.

कॉम्प्युटरवर

१. विंडोजमध्ये शिफ्ट सलग ५ वेळा दाबा आणि ‘येस’ म्हणा. स्टिकी कीज चालू होतात. आता कंट्रोल आणि सी एकदम दाबायची गरज नाही. आधी कंट्रोल, मग सी, असं एकाच बोटाने जमतं.

२. माउस डाव्या हातात घेणार असाल तर माउस सेटिंग्जमध्ये प्रायमरी बटण ‘राइट’ करा. क्लिक तर्जनीवर येतं.

३. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून टूल्समधून व्हॉइस टायपिंग घ्या आणि भाषा मराठी निवडा. माझी लांबलचक पत्रं मी अशीच लिहिली.

यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. फक्त सगळा भार चांगल्या हातावर पडतो, म्हणून अर्ध्या तासाने त्यालाही विश्रांती द्या. आणि मनगट अचानक लोंबकळू लागलं तर ‘झोपेत हात अवघडला असेल’ म्हणून थांबू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या घरी कुणाचा हात प्लास्टरमध्ये असेल तर यातली स्टिकी कीज आजच चालू करून द्या.