चौथ्या वर्षाचं विमान

परुळ्याजवळचा चिपीचा सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. पावसात त्यावर गवत आणि रानफुलं, एरवी ऊन आणि खारा वारा. या सड्यावर अडीच हजार मीटरची धावपट्टी आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी इथून मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाली, तेव्हा सिंधुदुर्गातल्या माणसाला वाटलं की रात्रभराचा रेल्वेप्रवास आता तासाभरावर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सेवा थांबली. करारातली तीन वर्षं संपली होती आणि त्यांच्याबरोबर अनुदानही संपलं होतं.

तीन वर्षांचा हा आकडा ‘उडान’ योजनेतून येतो. २०१६ साली जाहीर झालेल्या या योजनेत विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरावीक कमाल भाड्यात विकायच्या असतात. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला ही मर्यादा अडीच हजार रुपये होती. खर्च आणि उत्पन्न यांतली तूट ‘व्यवहार्यता तफावत निधी’तून भरून मिळते. त्यातला ८० टक्के भाग मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या आकारणीतून येतो आणि २० टक्के राज्य देतं. शिवाय राज्यानं विमान इंधनावरचा व्हॅट एक टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि अग्निशमन मोफत पुरवायचं. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, असं यामागचं गृहीतक आहे.

ते किती खरं ठरलं, हे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात मोजून दाखवलं. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत अनुदानाशिवाय तग धरून होते फक्त ५४. दिलेल्या शंभर मार्गांमागे सात. हा आकडा वाचल्यावर मला चिपीची गोष्ट दुर्दैवाची वाटेनाशी झाली. ती आधीपासून कळण्यासारखी होती.

लहान विमानतळाचं गणित कागदावर मांडून पाहावं. एटीआर विमानात सुमारे ७० प्रवासी बसतात. दिवसाला एक विमान आलं आणि गेलं, वर्षभर एकही फेरी चुकली नाही आणि एकही जागा रिकामी राहिली नाही, तरी ५१,१०० प्रवासी होतात. ज्या विमानतळांचे दर ठरवायला देशात स्वतंत्र नियामक आहे, त्यांच्यासाठी वर्षाला ३५ लाख प्रवाशांची अट आहे, म्हणजे जवळपास ६८ पट. खर्च मात्र प्रवाशांच्या हिशेबानं कमी होत नाही. अग्निशमनाचा बंब आणि त्यावरची माणसं विमानाच्या आकारावरून ठरतात. दिवसाला एक विमान उतरो की पाच, बंब तयार ठेवावाच लागतो. धावपट्टीवरचं रबर काढणं, दिवे, कुंपण, गवत, पाऊस ओसरल्यावरची डागडुजी हा खर्चही तसाच राहतो.

आणि उत्पन्न? ‘उडान’च्या फेऱ्यांकडून विमानतळानं लँडिंग आणि पार्किंगचं शुल्क घ्यायचं नसतं. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर तर ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना लँडिंग शुल्क माफच असतं. ज्या विमानासाठी विमानतळ उघडा ठेवायचा, तेच विमान त्याला काही देत नाही. उरतं दुकानांचं भाडं, जाहिरातीचे फलक आणि गाड्यांचं पार्किंग. दिवसाला सत्तर माणसं उतरणार असतील, तर तिथे चहाचं दुकानसुद्धा कोणी बोली लावून घेत नाही.

मग कोल्हापूर कसं चालतं, असं कोणी विचारेल. कोल्हापूरचा विमानतळ प्राधिकरणाकडे आहे आणि प्राधिकरणाच्या मागे दिल्ली आणि मुंबई आहेत. २००६ साली हे दोन विमानतळ खासगी चालकांकडे गेले, तेव्हा दिल्लीनं एकूण उत्पन्नाचा ४५.९९ टक्के आणि मुंबईनं ३८.७ टक्के वाटा प्राधिकरणाला देण्याचं मान्य केलं. मोठ्याच्या कमाईवर धाकटी भावंडं शिकावीत, तशी ही घरातली व्यवस्था आहे. चिपीला असा थोरला भाऊ नाही. जमीन एमआयडीसीची, बांधणी आणि चालवणं आयआरबी समूहाच्या कंपनीचं, हवाई वाहतूक नियंत्रण प्राधिकरणाचं, परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, पोलीस राज्याचे आणि कोणता मार्ग कोणत्या कंपनीला द्यायचा याची बोली दिल्लीत. या सहांपैकी चौथ्या वर्षाचं अंदाजपत्रक कोणी करायचं, हे कुठल्याच कागदावर ठळकपणे लिहिलेलं नसतं.

नांदेडनं हे आधीच भोगलं आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ची पहिली विमानं निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होतं. तो विमानतळ २००९ मध्ये एमआयडीसीनं लातूर, बारामती, यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबादसह ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं एका खासगी कंपनीला दिला होता. पंच्याण्णव वर्षं म्हणजे तीन पिढ्या, आणि मार्ग चालवणारी ट्रूजेट कंपनी २०२२ मध्ये बंद पडली. जमिनीचा करार शतकाच्या मापानं करायचा आणि विमानाचा तीन वर्षांच्या, ही विसंगती मला या सगळ्याच्या मुळाशी दिसते.

चिपीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला. बांदा-सावंतवाडीच्या माणसाला तो जवळ पडतो आणि तिथे देशभरच्या कंपन्या उतरतात. मोपासाठी जीएमआरनं गोवा सरकारला ३६.९९ टक्के उत्पन्नवाटा देऊ केला, तो २०१६ साली. म्हणजे शेजारी केवढा विमानतळ येतो आहे, हे चिपीच्या पहिल्या उड्डाणाच्या पाच वर्षं आधी सगळ्यांना ठाऊक होतं.

सोलापूरच्या निमित्तानं राज्य सरकारनं २०२५ मध्ये वेगळी वाट धरली. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, विमानतळ तयार झाला आणि मुंबईच्या सेवेसाठी राज्यानं तफावतीचा निधी स्वतःच्या तिजोरीतून मंजूर केला. निर्णय मला योग्य वाटतो. पण दरवर्षी मंत्रिमंडळापुढे जावं लागणारा पैसा ही योजना होत नाही. ज्या कंपनीला विमान भाड्यानं घ्यायचं आहे, तिला पुढच्या पाच वर्षांची खात्री लागते.

ती खात्री देता येण्यासारखी आहे. नवी मुंबई विमानतळात सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे आणि सवलतधारकानं उत्पन्नाचा १२.६० टक्के वाटा देऊ केला आहे. सिडको राज्याची कंपनी आहे. या वाट्यातला ठरावीक भाग कायद्यानं बांधून लहान विमानतळांच्या निधीत टाकला, तर चिपी, नांदेड, सोलापूर यांना थोरला भाऊ मिळेल. पैशाइतकीच मोलाची आहे मुंबईत उतरण्याची वेळ. जुन्या मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. अशा गर्दीत सत्तर आसनी विमानाला सकाळची वेळ कोण देणार? नव्या विमानतळावर ती आत्ताच, गर्दी होण्याआधी, राखून ठेवता येईल.

आणि चिपीचं अंदाजपत्रक करणाऱ्यानं कोकणाचं पंचांग समोर ठेवावं. गणपती, मे महिना आणि डिसेंबर या दिवसांत कोकण रेल्वेचं आरक्षण उघडताच संपतं. त्या आठवड्यांत अनुदानाची गरज क्वचितच पडेल. जून-जुलैत सड्यावर ढग उतरतात, विमानं परत फिरतात, जागा रिकाम्या जातात. तफावत तिथे आहे. वर्षभर एकाच दरानं दिलेला निधी गणपतीत वाया जातो आणि आषाढात पुरत नाही.