पिशवीतल्या फायली आणि वार्धक्याचा आलेख

शहरातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी थोडा वेळ बसले, की एक दृश्य हमखास दिसते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी किंवा आजोबा, सोबत मुलगा किंवा सून आणि हातात एक कापडी पिशवी. त्या पिशवीत गेल्या दहा-बारा वर्षांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, क्ष-किरण छायाचित्रांची पाकिटे आणि रुग्णालयातून सुट्टी मिळतानाचे कागद कोंबलेले असतात. हृदयरोगतज्ज्ञ त्यातले दोन कागद पाहतात, अस्थिरोगतज्ज्ञ वेगळेच दोन. सगळे कागद एकत्र मांडून मात्र सहसा कोणीच पाहत नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेत डिजिटल माहितीचे महत्त्व नेमके येथे सुरू होते.

तरुण माणूस आजारी पडतो तेव्हा त्याला बहुधा एकच आजार असतो. वार्धक्यात मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, मोतीबिंदू, विस्मरण असे अनेक आजार एकाच देहात नांदतात आणि प्रत्येकाचा डॉक्टर निराळा असतो. एक उदाहरण घेऊ. रक्तदाबासाठी 'एसीई इनहिबिटर' या वर्गातील औषध चालू आहे. पायांवर सूज आली म्हणून लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली. पुढे गुडघे दुखू लागले म्हणून वेदनाशामक गोळी घेतली गेली. तिन्ही औषधे आपापल्या जागी योग्यच. पण ती एकत्र आल्यास, विशेषतः वयस्कर रुग्णात, मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते. त्यात वेदनाशामक गोळी शेजारच्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेली असली, तर डॉक्टरांना तिचा पत्ताही नसतो. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दोन डॉक्टरांनी लिहून देणे, हाही याच अज्ञानाचा प्रकार.

वृद्धांना कोणती औषधे शक्यतो देऊ नयेत, याची एक यादी अमेरिकेतील वार्धक्यतज्ज्ञ मार्क बीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. 'बीअर्स निकष' म्हणून ओळखली जाणारी ही यादी वेळोवेळी सुधारली जाते. घाईच्या वेळी कोणत्याही डॉक्टरला ती संपूर्ण आठवणे अवघड. तथापि, रुग्णाची सर्व औषधे संगणकात एका ठिकाणी नोंदलेली असतील, तर त्या यादीशी ती पडताळून पाहण्यास काही क्षण पुरतात.

एक आकडा आणि आकड्यांची मालिका

डिजिटल नोंदींचा दुसरा लाभ काळाशी निगडित आहे. मूत्रपिंडाचे काम तपासण्यासाठी रक्तातील क्रिएटिनीन मोजतात. हा पदार्थ स्नायूंतून तयार होतो. वयोमानाने स्नायू झडलेल्या व्यक्तीत तो मुळातच कमी बनतो. परिणामी, मूत्रपिंड बरेच मंदावलेले असूनही अहवालातील आकडा 'सामान्य' मर्यादेतच दिसतो. गेल्या पाच वर्षांचे आकडे एका ओळीत मांडले, की हळूहळू चढत जाणारी रेषा उघड होते. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले, तर ते अंगात पाणी साठल्याचे लक्षण असू शकते. रोजचे वजन घरी नोंदवून डॉक्टरांपर्यंत पोहोचले, तर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कदाचित टाळता येते. एकटा आकडा मुका असतो. मालिका बोलकी असते.

या तत्त्वाचा सार्वजनिक पातळीवरील वापर इंग्लंडमध्ये पाहावयास मिळतो. तेथे कुटुंबडॉक्टरांकडील नोंदी पूर्वीपासूनच संगणकीकृत आहेत. लीड्स येथील अँड्र्यू क्लेग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक फ्रेल्टी इंडेक्स', म्हणजे जराजर्जरतेचा निर्देशांक, मांडला. त्यासाठी ६५ ते ९५ वर्षे वयाच्या नऊ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी अभ्यासण्यात आल्या. पद्धत सोपी आहे. पडणे, विस्मरण, दृष्टिदोष, दीर्घकालीन आजार, दैनंदिन कामात लागणारी मदत अशा ३६ उणिवांपैकी किती उणिवा रुग्णाच्या नोंदीत आहेत, हे मोजायचे आणि ३६ ने भागायचे. त्या गुणोत्तरावरून रुग्ण सुदृढ, किंचित, मध्यम वा तीव्र जर्जर ठरतो. यासाठी वेगळी तपासणी लागत नाही. आधीच असलेल्या नोंदी पुरतात. २०१७ पासून तेथील कुटुंबडॉक्टरांवर ६५ वर्षांवरील जर्जर रुग्ण शोधण्याची जबाबदारी आली. त्यामागचा हेतू असा, की तीव्र जर्जर व्यक्ती पडून हाड मोडण्याआधीच तिच्या औषधांचा फेरविचार व्हावा.

आपल्याकडील चित्र

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीपलीकडील नागरिकांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. त्यांच्याविषयीच्या माहितीचा पाया घालण्याचे मोठे काम मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केले. तिच्या नेतृत्वाखाली झालेल्या 'लासी' या सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ४५ वर्षे व त्यावरील वयाच्या ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी झाली. केवळ प्रश्न न विचारता रक्तदाब, दृष्टी, हाताच्या मुठीची ताकद आणि चालण्याचा वेगही मोजण्यात आला. मात्र सर्वेक्षण समाजाचे चित्र देते; एखाद्या आजींच्या औषधांची यादी देत नाही.

व्यक्तिगत नोंदींसाठी २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात नागरिकाला 'आभा' हा १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. तो घेणे ऐच्छिक आहे. नोंदी एका केंद्रीय कोठारात जमा होत नाहीत. त्या ज्या रुग्णालयात तयार झाल्या तेथेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. संमती कोणत्या कारणासाठी व किती काळासाठी, हे ठरवता येते आणि ती मागेही घेता येते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत सामावून घेण्यात आले. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. त्यामुळे तिच्या नोंदींतून पडल्यानंतरची शस्त्रक्रिया दिसते. त्याआधी वर्षभर येत असलेली चक्कर दिसत नाही.

जे नोंदलेच जात नाही

येथेच सावधगिरीची गरज आहे. अमेरिकेत वापरात असलेल्या एका संगणकीय पद्धतीविषयीचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ती पद्धत रुग्णाची गरज त्याच्यावर झालेल्या खर्चावरून ओळखत असे. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत असल्याने ते अधिक आजारी असूनही निरोगी भासत. आपल्या घरांतील चित्र डोळ्यांपुढे आणावे. आजोबांची फाइल जाडजूड असते. आजी मात्र दुखणे अंगावर काढत आलेल्या असतात. उद्याचा संगणक ही पातळ फाइल पाहून आजींना सुदृढ ठरवणार नाही, याची खबरदारी आजच घ्यावी लागेल.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. इंग्लंडमध्येच 'केअर डॉट डेटा' ही रुग्णनोंदी एकत्र करण्याची योजना लोकांना पुरेशी कल्पना न दिल्याने वादात सापडली आणि २०१६ मध्ये गुंडाळावी लागली. भारतात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्या प्रकरणातील याचिकाकर्ते, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते, हे येथे लक्षणीय आहे. व्यवहारात वृद्धांच्या भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी अनेकदा मुलगा किंवा नातू पाहतो आणि संमतीही तोच देतो. हा जिव्हाळा असला, तरी ती संमती आजोबांची आहे काय, हा प्रश्न उरतोच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मृत्यू किंवा असमर्थता ओढवल्यास आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. बुद्धी शाबूत असतानाच आई-वडिलांशी याविषयी बोलणे इष्ट.

दरम्यान, व्यवस्था परिपूर्ण होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. घरातील ज्येष्ठांच्या सर्व गोळ्यांची, दुकानातून परस्पर आणलेल्यांसह, मूळ औषधाच्या नावानिशी एक यादी करावी. रक्ताचे अहवाल तारखेनुसार लावून त्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीत ठेवावीत. पडणे, चक्कर येणे यांचीही तारखेनिशी नोंद व्हावी. प्रत्येक नव्या डॉक्टरपुढे ही यादी ठेवून 'यातले काय बंद करता येईल?' असे विचारावे. संगणक असो वा वही, सगळे कागद एकत्र पाहणारे कोणीतरी हवे, एवढेच खरे.