शैवलाचे पोषण आणि पाण्याचे गुण

जयपूरच्या नैर्ऋत्येस सुमारे ८० किलोमीटरांवर सांभर हे खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आहे. तेथील मिठागरांत पाणी आटू लागले की काही वाफे तांबूस दिसू लागतात. या रंगात लवणप्रिय सूक्ष्मजंतूंप्रमाणेच ड्यूनालिएला नावाच्या सूक्ष्म शैवलाचाही वाटा असतो. नवल हे की, हे शैवल जातीने हिरवे आहे.

मग ते तांबडे का होते? पाण्यात नत्र पुरेसे, मीठ बेताचे व ऊन सौम्य असेल, तर त्याच्या पेशी भराभर विभागतात व हिरव्याच राहतात. क्षारता वाढली, नत्र संपले व ऊन प्रखर झाले म्हणजे वाढ खुंटते. परंतु कर्बग्रहण लगेच थांबत नाही. नत्रावाचून प्रथिने बनत नाहीत. म्हणून तो कर्ब स्निग्ध पदार्थ व बीटा-कॅरोटीन यांच्या रूपाने साठविला जातो. हे कॅरोटीन प्रखर उन्हापासून पेशीचे रक्षण करते. अनुकूल परिस्थितीत ते शुष्क वजनाच्या सुमारे १० टक्क्यांपर्यंत पोहोचते. आपले शरीर त्यापासूनच 'अ' जीवनसत्त्व तयार करते.

क्लोरेला या शैवलावर अमेरिकेत स्पोअर व मिल्नर यांनी केलेले प्रयोग १९४९ साली प्रसिद्ध झाले. नत्र तोडताच तेच शैवल प्रथिनांऐवजी मुख्यत्वे स्निग्ध पदार्थांचे भांडार बनते, असे त्यांत दिसून आले.

स्पिरुलिना हे नील-हरित शैवल उबदार, अल्कधर्मी पाण्यात वाढते. नत्रयुक्त क्षार भरपूर मिळाले, तर त्याच्या शुष्क वजनात साधारणतः ५५ ते ७० टक्के प्रथिने असतात. नत्र कमी पडले की प्रथिने घटतात व पिष्टमय पदार्थ वाढतात. त्यातील 'ब-१२' मात्र बहुतांशी मानवी शरीरास निरुपयोगी अशा रूपात असते. शिवाय पाण्यात शिसे किंवा पारा असल्यास शैवल तोही शोषून घेते. विषारी जातींची भेसळही होऊ शकते.

शेतकरी जमिनीचा कस पाहून पिकाचा अंदाज बांधतो. शैवलाच्या बाबतीत पाणी हीच जमीन होय. कुपोषित बालकाच्या आहारात हे चूर्ण घालावयाचे, तर शैवलाचे नाव पाहून भागणार नाही. ते कोणत्या पाण्यात वाढविले व त्या खेपेची तपासणी झाली की नाही, हेही पाहिले पाहिजे. कारण एकाच नावाच्या दोन चिमटी चूर्णांत पोषण सारखे असेलच असे नाही.