एक चर्च, तीन वेळा

आल्प्स पर्वत आगगाडीने ओलांडायचा, तर गॉटहार्डपाशी दोन वाटा आहेत. एक २०१६ साली खुला झालेला सत्तावन्न किलोमीटरांचा बोगदा. आजमितीस जगातला सर्वांत लांब रेल्वेबोगदा. एर्स्टफेल्डला आत शिरावे आणि वीसेक मिनिटांत इटालियन भाषेच्या मुलखात बोदिओला बाहेर पडावे! दुसरी वाट १८८२ सालची. डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळसे घेत चढणारी.

लुगानोचे सरोवर लवकर गाठावे म्हणून मी पहिलीच्या बाजूचा. पण माझा सोबती पडला रेल्वेतला निवृत्त इंजिनियर. त्याची निम्मी नोकरी घाटातल्या रुळांवर गेलेली. तो म्हणाला, "त्या बोगद्यातून गेलास, तर घरी आल्प्स पाहिले म्हणून सांगू नकोस. आल्प्सच्या खालून गेलो, म्हण!"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. पाठीवरच्या पिशव्या सावरून, पाव, चीज नि सफरचंदे अशी शिदोरी घेऊन आम्ही जुन्या वाटेच्या गाडीत चढलो. स्वित्झर्लंडातल्या हॉटेलांचे दर पाहिले, की माणूस आपसूक शिदोरी बांधतो.

एर्स्टफेल्ड समुद्रसपाटीपासून ४७२ मीटरांवर, तर गॉशेनेन ११०६ मीटरांवर. मधले अंतर तीस किलोमीटरही नाही. म्हणून रूळ डोंगराच्या पोटात शिरतात, मळसूत्रासारखे फिरतात आणि वरच्या अंगाला निघतात. त्यामुळे वासेन गावापाशी मोठी मौज होते. तिथले पांढरे चर्च आधी उंच, डोक्यावर दिसते. मग बोगदा. नंतर ते खिडकीच्या रेषेत येते. पुन्हा बोगदा. आता ते खाली, मुलांनी दिवाळीच्या किल्ल्यावर मांडावे एवढेसे!

"चढ ओळखीचा वाटतो ना?" मित्र म्हणाला. "आपल्या भोर घाटाइतकाच, सदतिसास एकच्या आसपास. आणि आपला घाट १८६३ चा, याच्या एकोणीस वर्षे आधीचा!"

गॉशेनेनला पंधरा किलोमीटरांचा जुना बोगदा लागतो. तो खणणारा जिनिव्हाचा लुई फाव्र १८७९ साली बोगद्यातच कोसळून मरण पावला. पुढच्या फेब्रुवारीत दोन्ही बाजूंचे खणणारे एकमेकांना भिडले, तेव्हा भोकातून सर्वांत आधी पलीकडे धाडली ती फाव्रची तसबीर, असे सांगतात. मजूर बहुतेक इटालियन. सुरुंग, दरडी, पाण्याचे लोंढे आणि कोंदट हवेतले आजार यांनी जवळजवळ दोनशे माणसे घेतली. १८७५ साली कामगारांनी संप केला, तेव्हा गोळीबारात चौघे पडले.

बोगद्यापलीकडचे आयरोलो येताच मित्र उठला. स्टेशनाजवळ व्हिन्चेन्झो व्हेला या शिल्पकाराचे ब्राँझचे शिल्प आहे. सोबत्याचे प्रेत वाहून नेणारे खाणकामगार. व्हेला स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी दगडाच्या खाणीत राबलेला. प्रेताच्या भाराने वाकलेले ते खांदे त्याने कुणाकडून ऐकून घडवलेले नाहीत, हे पाहताक्षणी कळते.

मित्राने डोक्यावरची टोपी काढली. बऱ्याच वेळाने म्हणाला, "एका पावसाळ्यात माझे दोन गँगमन दरडीखाली गेले. त्यांची नावे अजून पाठ आहेत. भोर घाट बांधताना पटकीने किती मजूर गेले रे! त्यांची नावे कुणाला पाठ असतील?"

मला उत्तर सुचले नाही.

लुगानो पाहून परतताना मात्र नव्या बोगद्याची गाडी त्यानेच निवडली. मी चकित झालो. डोक्यावर सव्वादोन किलोमीटरांहून जास्त जाडीचा डोंगर आणि खिडकीबाहेर नुसता काळोख.

"इथे किती गेले, ठाऊक आहे?" त्याने विचारले. "नऊ. जुन्याच्या जवळजवळ चौपट लांबी, आणि नऊ. नऊसुद्धा फारच. पण दोनशेंवरून नऊवर येणे, हा खरा पराक्रम. लांबीचा नव्हे."

तेव्हा वाचकहो, गॉटहार्डला गेलात, तर दोन्ही वाटांनी जा. वर जाताना जुनी घ्या आणि आयरोलोला उतरा. चर्च तीनदा दिसेल. शिल्प एकदा पाहिले तरी पुरे.